बाळाचे उष्टावण आणि शेतकऱ्याची परसबाग

मूल सहा महिन्यांचे झाले म्हणजे त्याचे उष्टावण करण्याची रीत वर्धा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांत अजूनही पाळली जाते. मामा भाच्याला मांडीवर घेतो, वाटीतील खिरीचे बोट त्याच्या जिभेला लावतो, आणि घरातील वडीलधारी माणसे त्याचे तोंड वाकडे झालेले पाहून हसतात. हा मुहूर्त पूर्वजांनी कोणत्या विचाराने ठरविला असेल तो असो. आजचे वैद्यकशास्त्रही नेमके हेच सांगते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावाचून दुसरे काही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये. सहा महिने पुरे होताच वरचे अन्न सुरू करावे. आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत, जमल्यास त्याहूनही पुढे, चालू ठेवावे. रीत आणि शास्त्र यांचे इतके एकमत क्वचितच आढळते.

खरी अडचण उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. पाहुणे परत जातात, खीर संपते आणि बाळाची वाटी पुन्हा पातळ होते. कोठे वरणावरचे पाणी, कोठे भाताची पेज, कोठे चहात बुडविलेले बिस्कीट. वरणाचे पाणी पचावयास हलके म्हणून दिले जाते. ते हलके असते हे खरे, परंतु त्यात फारसे काही नसते म्हणूनच ते हलके असते. डाळीतील सत्त्व भांड्याच्या तळाशी राहते आणि ते मोठ्यांच्या ताटात जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिने वयाच्या मुलांपैकी पुरेसा व योग्य आहार मिळणारी मुले देशभरात शेकडा सुमारे अकरा एवढीच निघाली. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३५.२ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटात रक्तक्षय असलेल्यांचे प्रमाण शेकडा ६८.९ भरले. ज्या राज्यात संत्री, केळी, पेरू आणि पपई यांचे ढीग बाजारात लागतात त्या राज्याचे हे आकडे आहेत.

हा दोष आयांच्या अज्ञानाचा आहे असे म्हणून मोकळे होण्याची एक सवय लागलेली आहे. ती सोयीची आहे, पण न्यायाची नाही. अंगणवाडीच्या भिंतीवर भोपळा, पालक, गाजर, पपई यांची रंगीत चित्रे असतात आणि ती पाहून घरी गेलेल्या आईला सांदवाडीत यांपैकी काहीच दिसत नाही. पूर्वी घरामागच्या या मोकळ्या जागेत कोहळ्याचा वेल कुडावर चढलेला असे, मोरीच्या पाण्यावर केळ किंवा पपई उभी असे, धुऱ्यावर शेवगा असे, आणि पऱ्हाटीच्या किंवा ज्वारीच्या वावरात मुगाचे व बरबटीचे दोनचार तास असत. आता वावर कपाशी, सोयाबीन आणि तूर यांनी व्यापले आहे, ज्वारी कमी झाली आहे, आणि सांदवाडीच्या जागी कोठे दुसरी खोली उभी राहिली आहे, तर कोठे नुसतेच गवत माजले आहे. जी भाजी पिकत नाही ती आठवडी बाजारातून आणावी लागते. आणि बाजाराच्या दिवशी पैसा हाती असेल तर ती येते. तात्पर्य, बाळाचा घास हा शिजविण्याचा प्रश्न होण्यापूर्वी पेरण्याचा प्रश्न असतो. म्हणून त्याचा विचार शेतीच्या पत्रिकेतच व्हावयास हवा.

वर्ध्याला हा विचार नवा नाही. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत बसले. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. हातसडीचा तांदूळ, बैलघाणीचे तेल, गूळ यांबरोबरच गावात आपोआप उगवणाऱ्या पाल्याचा आहारात उपयोग कसा करावा हाही त्या मंडळींच्या अभ्यासाचा विषय होता. गांधीजींनी १९३५ साली मगनवाडीत हिरव्या पाल्याचे प्रयोग स्वतःवर व सहकाऱ्यांवर केले आणि त्यांविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिले. पुढील वर्षी ते शेगावला राहावयास गेले व तेच शेगाव १९४० साली सेवाग्राम झाले. तेथे डॉ. सुशीला नायर यांनी लहानशा दवाखान्यापासून सुरू केलेल्या कार्यातून १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्याच्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी आसपासचे एक गाव दत्तक घेते. अन्न, गाव आणि आरोग्य या तिहींचा एकत्र विचार करण्याची परंपरा ज्या जिल्ह्यात जवळजवळ नव्वद वर्षांची आहे, त्या जिल्ह्यात बाळाची वाटी पातळ राहावी ही गोष्ट मनाला लागणारी आहे.

मग पेरावयाचे काय, आणि केव्हा? येथे निसर्गाने एक मोठी सोय करून ठेवली आहे व तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पपईचे रोप लावल्यापासून साधारणतः दहा-अकरा महिन्यांत पहिले फळ पिकते. घरातील सून गरोदर आहे हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळते आणि अंगणवाडीत तिची नोंद होते. त्या दिवसापासून बाळाचे उष्टावण सुमारे तेरा महिने दूर असते. म्हणजे नोंद झाल्यानंतरच्या पहिल्या हंगामात पपई लावली, तर उष्टावणाच्या सुमारास ती फळावर आलेली असते. शेवगा याहूनही तत्पर आहे. चांगल्या जातीचा कोवळा पाला तीन महिन्यांत खुडता येतो. नर व मादी झाडे वेगळी असणाऱ्या जातीची पपई असल्यास एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावावीत आणि फुले आल्यावर नर झाडे काढून टाकावीत. मुळाशी पाणी तुंबू देऊ नये, कारण पपईला तहान सोसते परंतु चिखल सोसत नाही. काळ्या भारी जमिनीत ती उंचवट्यावर लावणे बरे. गरोदर बाईने पपई खाऊ नये अशी समजूत आहे. तिचा मान ज्यांना राखावयाचा त्यांनी राखावा. झाड लावावयास त्यामुळे कोणतीच अडचण येत नाही, आणि पूर्ण पिकलेल्या पपईचा गर सहा महिन्यांच्या बाळाला खुशाल द्यावा.

पपईनंतर मान द्यावयाचा तो कोहळ्याला. इतरत्र ज्याला लाल भोपळा अथवा डांगर म्हणतात तो नागपूर-वर्ध्याकडे कोहळे या नावाने ओळखला जातो. मृगाच्या पावसात चार बिया कुडाजवळ टोचल्या तर वेल बाकीचे स्वतः पाहतो. त्याच्या गराचा पिवळा-केशरी रंग ज्या द्रव्यामुळे असतो त्यापासून शरीरात अ-जीवनसत्त्व तयार होते. पपई, पिकलेला आंबा, गाजर आणि केशरी गराचे रताळे यांतही तेच द्रव्य आहे. पांढऱ्या गराच्या रताळ्यात ते जवळजवळ नसते, म्हणून वेल लावताना जात पाहून घ्यावी. मात्र हे द्रव्य तेला-तुपाच्या सोबतीने अंगी लागते. कोहळ्याची फोड भाताच्या भांड्यावर चाळणी ठेवून वाफवावी, चमच्याने घोटावी आणि तिच्यात छोटा चमचाभर शेंगदाण्याचे तेल अथवा घरचे तूप घालावे. त्या एका चमच्याने वाटीची उष्णता-शक्ती सुमारे पंचेचाळीस उष्मांकांनी वाढते. मीठ, साखर व गूळ पहिल्या वर्षात घालूच नये. मध चाटविण्याची चाल कौतुकाची असली तरी एक वर्षाच्या आतील बाळाला तो धोक्याचा आहे, कारण त्यात असू शकणाऱ्या एका जंतूचे विष लहान आतड्यांना झेपत नाही.

फळांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. बाळासाठी म्हणून शहरातून सफरचंद आणले जाते, आणि ते महाग असल्यामुळे ते गुणकारीही असणार असा समज रूढ झाला आहे. सफरचंद हे वाईट फळ नव्हे. परंतु त्याच्या शंभर ग्रॅम गरात क-जीवनसत्त्व चार-पाच मिलिग्रॅमच्या आसपास असते, तर पेरूच्या तेवढ्याच गरात ते दोनशे मिलिग्रॅमच्या वर भरते. पपईही सफरचंदाच्या कितीतरी पुढे आहे. हिमाचलातील शेतकऱ्याचे भले व्हावे यात वाद नाही. परंतु हिंगणघाट-समुद्रपूरच्या शेतकऱ्याने अंगणातला पेरू राघूंना सोडून बाळासाठी सफरचंद विकत आणावे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. पेरूच्या बिया काढून गर चाळणीतून उतरवावा. कारंजा, आर्वी, आष्टी या तालुक्यांत संत्र्याला तोटा नाही. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडी मिळतात. बाळाला संत्र्याचा रस बाटलीने पाजू नये. फोडीची साल व बी काढून आतील गर चुरावा आणि जेवणानंतर दोन चमचे द्यावा. बाटलीचा उपयोग कशासाठीही नको. ती नीट उकळून स्वच्छ ठेवणे शहरातील सुखवस्तू घरातही साधत नाही. वाटी आणि चमचा पुरे.

केळे हे तर देवाने बाळासाठी सालीत बांधून दिलेले अन्न म्हणावे लागेल. धुवावयास नको, शिजवावयास नको. सेलू-पवनारच्या पट्ट्यात एके काळी केळीच्या बागांची मोठी ख्याती होती. पाण्याच्या ओढाताणीत त्या बऱ्याच कमी झाल्या. तथापि मोरीच्या पाण्यावर दोन खुंट जगविण्यास बाग लागत नाही. साबणाचे पाणी पालेभाजीच्या वाफ्यात सोडू नये, केळीच्या आळ्यात सोडावयास हरकत नाही.

इतके सांगून झाल्यावर एक इशारा देणे अवश्य आहे. नुसत्या फळा-भाज्यांवर बाळ वाढत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे दोनशे उष्मांक मिळावे लागतात. शिजविलेल्या कोहळ्याच्या अर्ध्या वाटीत तीस-पस्तीसच असतात. तीन वेळा दिले तरी गरज अर्धीच भागते. शहरी दुकानांतून काचेच्या बरणीत मिळणारे फळांचे लगदे पाहून ज्यांना तसेच काही घरी करावेसे वाटते त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. धान्य आणि डाळ हा वाटीचा पाया, भाजी व फळ हा तिचा जीव, आणि तेल-तूप हे तिचे बळ होय. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, तिच्यात कोहळे किंवा गाजर घोटलेले, वर लिंबाचे दोनचार थेंब, असे अन्न चमच्यावरून वाहून न जाता चमच्यावर ठरेल इतके दाट असावे. प्रारंभी दोन-तीन चमचे, मग हळूहळू अर्धी वाटी; आधी दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा. आठव्या-नवव्या महिन्यात फार बारीक घोटणे थांबवावे, म्हणजे मूल चावावयास शिकते. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा व दोन-तीन दिवस प्रकृती पाहावी. अंडे खाणाऱ्या घराने बाळाला नीट शिजविलेले अंडे द्यावे. त्यासारखे सोपे व पौष्टिक अन्न दुसरे नाही. अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा मात्र हाती देऊ नये, तो घशात अडकतो.

खिचडी दाट केली तर बाळ गिळत नाही आणि पातळ केली तर पोट रिकामे राहते, ही आयांची नित्याची तक्रार रास्त आहे. तिला एक जुना उपाय आहे. गहू रात्रभर भिजवून, एक-दोन दिवस मोड आणून, उन्हात वाळवून, मंद भाजून दळून ठेवावा. या पिठाचा लहान चमचा गरम परंतु न उकळत्या खिचडीत वा लापशीत घालून ढवळला की दाट अन्न थोड्याच वेळात सैल होते. मग त्याला एकदा उकळी द्यावी. पाणी न घालता ते पातळ झालेले असते, म्हणजे सत्त्व तेवढेच राहते. हाच प्रयोग ज्वारीवर करण्याचा मोह होईल, तो आवरावा. कोवळ्या ज्वारीने जनावराला किराळ लागते हे प्रत्येक शेतकरी जाणतो. तेच विषारी द्रव्य ज्वारीच्या मोडातही असते. ज्वारी बाळासाठी भरडून, मऊ शिजवून घ्यावी, मोड आणून नव्हे. सोयाबीनविषयीही एक शब्द. जिल्ह्यात ते भरपूर पिकते म्हणून त्याचे कच्चे पीठ बाळाच्या अन्नात मिसळण्याचा सल्ला काही उत्साही मंडळी देतात. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अटकाव करणारे द्रव्य असते व ते नीट शिजल्यावरच जाते. बाळाला मूग पुरेसा आहे.

पालेभाजीचे स्तोत्र नेहमी गायिले जाते. तांदुळजा, पालक, शेवग्याचा कोवळा पाला हे चांगलेच आहेत. परंतु पाल्यातील लोह अंगी फार थोडे लागते, म्हणूनच लिंबू पिळावयाचे. रक्तक्षय झालेल्या बाळाला केवळ पालकाने बरे करू पाहणे ही फसवणूक ठरेल. सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा द्यावयाचे लोहाचे औषध आशाताई देतात, ते बाळाला नियमाने पाजावे. शिजविलेला पाला दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. बाळाचे कोणतेही अन्न दोन तासांच्या पुढे उघड्यावर ठेवलेले नसावे.

पाल्याच्या बाबतीत याहून गंभीर असा एक धोका आहे, आणि त्याचा संबंध थेट शेतीशी येतो. श्रावण-भाद्रपदात निंदणाला गेलेली बाई परतताना पऱ्हाटीतला तांदुळजा, घोळ, तरोटा ओटीत घालून आणते. ही पद्धत फार जुनी आणि एके काळी फार चांगली होती, कारण त्या वेळी वावरात विष नव्हते. आज त्याच ओळींवर पंधरा दिवसांत एक-दोन फवारे पडलेले असतात आणि सोयाबीनमध्ये तणनाशक मारलेले असते. फवारणी करणाऱ्याला औषधाचे नाव ठाऊक असते, भाजी खुडणारीला ते ठाऊक असतेच असे नाही. पुष्कळदा ती दुसऱ्याच्या वावरात मजुरीने गेलेली असते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, ही आठवण ताजी आहे. ज्या द्रव्याने धडधाकट माणूस कोसळतो त्याचा अंश सात-आठ किलो वजनाच्या बाळाच्या वाटीत जाऊ नये, याची जबाबदारी आईवर टाकता येणार नाही. ती वावराच्या मालकाची आहे. फवारलेल्या शेतातील रानभाजी बाळाला देऊ नये. विकत आणलेली भाजी वाहत्या पाण्यात दोनतीनदा धुवावी, परंतु धुतल्याने सर्व विष जाते या भ्रमात राहू नये. औषधाचा रिकामा डबा पाण्याला किंवा बियाण्याला वापरू नये. परसबाग वावरापासून दूर, घराच्या आडोशाला असावी असा आग्रह धरावयाचे मुख्य कारण हेच होय. त्या चार वाफ्यांत मावा आला तर राखेने, निंबोळीच्या अर्काने किंवा नुसत्या हाताने भागते; आणि नाही भागले तर दोन झाडे उपटून टाकल्याने कोणी कर्जबाजारी होत नाही.

बाळाला भरविणार कोण, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळी जाते ती संध्याकाळी येते. बाळ आजीपाशी असते, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीपाशी. सर्व उपदेश आईला केला जातो आणि दुपारची वाटी आजीच्या हातात असते. वरणाचे पाणी देणारी आजी निर्दय नसते. तिच्या सासूने तिला तेच शिकविले असते. तिला बैठकीला बोलवावे, तिच्याकडून कोहळे घोटवून घ्यावे, आणि तिला मान देऊन सांगावे. आई समोर असताना आजीला चूक दाखवून दिली तर दोघीही ऐकत नाहीत. आजोबांना भरविण्याची लाज वाटू नये, हेही सांगावयाचे धाडस कोणीतरी केले पाहिजे.

बालकांचा आहार हे महिला व बालविकास खात्याचे काम, त्यात कृषि खात्याने का पडावे, असा आक्षेप निघेल. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना घरपोच आहार मिळतो. तो घ्यावा, त्यास नावे ठेवू नयेत. परंतु पाकिटातून ताजी पपई येऊ शकत नाही. शिशुआहाराच्या डब्यांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने व त्यातील २००३ च्या दुरुस्तीने निषिद्ध केली, तरी गावच्या दुकानात डबा दिसतोच. त्याला उत्तर केवळ कायद्याने मिळत नाही, सांदवाडीने मिळते. याकरिता मोठी योजना नको. अंगणवाडीत गरोदर बाईची नोंद होताच तिच्या घरी पपईची तीन रोपे, शेवग्याचे एक आणि कोहळ्याच्या मूठभर बिया पोचाव्यात. रोपे बचत गटाच्या बायांनी तयार करावीत, जातीची निवड सेलसुरा येथील कृषि विज्ञान केंद्राने करून द्यावी, आणि कृषि सहायकाने बांधावर जाताना त्या घराच्या मागे डोकावून पाहावे. बियाण्यांची पाकिटे पूर्वीही वाटली गेली आहेत व त्यांतील बरीच मार्चपर्यंत वाळून गेली आहेत, कारण ती वाटताना पाणी कोठून येणार हे कोणी विचारले नाही. म्हणून रोप देण्यापूर्वी मोरी कोणत्या बाजूला आहे ते पाहावे आणि खड्डा तेथेच घ्यावा.

राहता राहिला वैशाख. त्या महिन्यात वर्ध्याचे ऊन पालेभाजी टिकू देत नाही आणि विहिरी तळ गाठतात. कोहळे मात्र देठासह काढून, न फोडता, कोरड्या जागी ठेवल्यास काही महिने टिकते. शेवग्याचा पाला हिवाळ्यात सावलीत वाळवून बरणीत भरून ठेवता येतो, त्याची अर्धा चमचा पूड खिचडीत शिजवावी. आणि ज्येष्ठ लागेपर्यंत पिकलेल्या आंब्याचा गर हाताशी येतो. ज्या घरी भादव्यात बाळ जन्मले असेल त्या घरी माळ्यावर चार कोहळी संक्रांतीच्या आत चढलेली असावीत.